वेबसाइटसाठी स्थळ

आमच्या बाबांनी माझ्यासाठी स्थळं पाहिली तेव्हासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. माझ्या वेळी मुलाचा फोटो हातात घेऊन ते फक्त म्हणाले होते, "नाक जरा मोठं आहे, पण चालते." ते लग्न जमलं नाही ही गोष्ट वेगळी, आणि त्यात नाकाचा काही दोष नव्हता. पण वेबसाइट कुणाकडे ठेवायची हा प्रश्न निघाला तेव्हा बाबांना घराणं, वडील, वडिलांची मिल, सगळं हवं होतं. ती वेबसाइट मी एकटीने खपून बनवली होती. पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण!

बाबा म्हणजे दिनानाथ सुपेकर. इंदूरच्या एका कापड मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांचं आयुष्य गेलं. कागदोपत्री त्यांचं काम यंत्रांच्या मोटारी दुरुस्त करायचं, पण खरा जीव झांकीत. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलांच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर दिव्यांचा झगमगाट, त्यात मान हलवणारे देव, गदा फिरवणारे राक्षस, आणि ते बघायला सगळं शहर रस्त्यावर. आमच्या मिलच्या झांकीत जे जे हलायचं ते बाबांनी हलवलेलं असायचं. मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात ते दिवस आले, आणि नेमकं आमच्या मिलचं फाटक बंद झालं. एका सकाळी बाबा डबा घेऊन गेले आणि डबा घेऊन परत आले.

बाकीच्यांनी रिक्षा काढल्या, पोह्यांचे ठेले लावले. बाबांनी नंदानगरच्या घरातली पुढची खोली रिकामी केली आणि तिथे हलणारी माणसं बनवायला घेतली. साडीच्या दुकानात नमस्कार करणारी बाई, लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडणारा द्वारपाल. द्वारपालाचा हात कधीकधी अडकायचा आणि एकाच पाहुण्याला आंघोळ व्हायची, पण लग्नघरात लोक हसण्यावारी न्यायचे.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात मात्र कामं आटली. बाहेरून आलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्या बॅटरीच्या सेलवर माना डोलावू लागल्या होत्या. माझा भाऊ देवेंद्र पुण्यात नोकरीला. त्याने फोनवर निक्षून सांगितलं, "पावसाळ्यापर्यंत मोठं काम आलं नाही तर सामान विका आणि इकडे या." बाबा म्हणाले, "बरं." त्या "बरं"नेच मी घाबरले. जो माणूस भाजीवाल्याचं म्हणणंही पहिल्या फटक्यात मान्य करत नाही, तो बरं म्हणतो याचा अर्थ तो आतून खचलाय. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबा काय करणार? चांगला चाललेला पंखा उघडून बसणार, आणि वहिनी मग मला फोन करणार. मला ते नको होतं. मला आमची पुढची खोली, तिथला रंगाचा वास आणि बाबांची कटकट, सगळं होतं तिथेच हवं होतं.

म्हणून मी वेबसाइट बनवली. भंवरकुआंच्या एका क्लासात मी ते शिकले होते. तीन पानं, बाबांच्या सगळ्या हलत्या माणसांचे फोटो, खाली आमचा पत्ता. आता ती ठेवायची कुठे? आधी मी एका फुकटच्या जागी ठेवून पाहिली. फुकटवाले वर त्यांची जाहिरात टाकत. पहिल्याच पानावर आमचा मोदक खाणारा गणपती होता, आणि त्याच्या डोक्यावर चमकत होतं, 'पंधरा दिवसांत पोट कमी करा.' आईने हात जोडले. बाबा म्हणाले, "काढ ते. आत्ताच्या आत्ता."

राहिली दोन स्थळं. एक शाम, भंवरकुआंलाच एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत त्याचा स्वतःचा सर्व्हर होता. दुसरा नीरज, त्याचं ऑफिस त्याच गल्लीच्या टोकाला, पण त्याने अमेरिकेतल्या एका कंपनीकडे जागा घेतली होती आणि तीच तो इथल्या दुकानदारांना वाटून देत होता. मी दोघांनाही घरी बोलावलं. ही माझी पहिली चूक. आईने कांदेपोहे केले, ही दुसरी.

शाम आधी आला. बाबांनी त्याला वेगाबद्दल विचारलं नाही, जागेबद्दल विचारलं नाही. विचारलं, "वडील कुठे होते?"

"आपल्याच मिलमध्ये ना काकाजी. रंगाई खात्यात."

"मग बोल ना भिया तसं!" बाबांनी आत आईला हाक मारली, "ए उषा, याला अजून पोहे दे. शेव वरून टाक."

झालं. शामची मुलाखत संपली. नंतर तो बराच वेळ सर्व्हरबद्दल काहीबाही सांगत राहिला आणि बाबा प्रेमाने त्याच्याकडे बघत राहिले.

मग नीरज आला. त्याने वही न काढता नीट, सावकाश सांगितलं. सर्व्हर टेक्सासला आहे, तिथे लाईट गेली तरी यंत्रं चालू राहतात, रोज रात्री सगळ्याची कॉपी निघते, आणि पासवर्ड तुमच्याच हातात राहतो. मी मनात म्हटलं, हाच. बाबाही मान डोलावत होते. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"वडील पुलापलीकडच्या मिलमध्ये होते काका," नीरज म्हणाला. "शरच्चंद्र मुळ्ये."

बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. आई स्वयंपाकघरात निघून गेली, कारण आता काय होणार ते तिला ठाऊक होतं.

पुलापलीकडची मिल म्हणजे आमचा जन्माचा वैरी. दोन्ही मिलांच्या झांक्या एकामागून एक निघायच्या आणि बक्षिसासाठी भांडायच्या. एका वर्षी आमचं समुद्रमंथन थेट परीक्षकांच्या मंचासमोर बंद पडलं. देव एका बाजूला वाकलेले, राक्षस दुसऱ्या बाजूला वाकलेले, आणि वासुकी जागच्या जागी गार. मागून पुलापलीकडच्यांची झांकी डौलात आली आणि पहिलं बक्षीस घेऊन गेली. आमच्या डिझेलमध्ये पाणी घातलं गेलं आणि ते मुळ्यांनीच घातलं, असं बाबांचं म्हणणं. पुरावा काही नाही. पुराव्याची बाबांना कधी गरजच पडली नाही.

"टेक्सास दूर पडते," बाबा नीरजला म्हणाले. "आपली वस्तू कशी आहे, काय खाऊन-पिऊन राहिली, बघायला कोण जाणार? शामकडे टेम्पोने जाता येते."

"बाबा, वेबसाइट खात नाही," मी म्हटलं.

"तू मधे बोलू नको."

नीरजने पोहे संपवले, पाया पडला आणि गेला. पोरगा शहाणा होता. मी मात्र त्या दिवशी बाबांशी बोलले नाही, आणि बाबांना ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

वेबसाइट शामकडे गेली. बाबा तिला पोचवायला स्वतः गेले. खजरानाच्या गणपतीचा प्रसाद नेला, सर्व्हरला, म्हणजे टेबलाखालच्या एका पिवळट डब्याला, हार घातला आणि वर हात ठेवून विचारलं, "यातच आहे ना?" शाम म्हणाला, "यातच आहे काकाजी." त्यानंतर दर आठवड्याला बाबा तिची खबर घ्यायला जात. डब्याशेजारी खुर्ची टाकून बसत, धूळ पुसत, पंख्याची घरघर ऐकत आणि घरी येऊन सांगत, "ठीक आहे. आवाज नॉर्मल आहे."

आवाज नॉर्मल होता, लाईट नव्हती. त्या उन्हाळ्यात मध्य प्रदेशात लाईट जायची नाही, लाईट कधीतरी यायची. भंवरकुआंला दुपारी बारा ते तीन पक्की कटौती. बारा वाजले की शामचा पंखा थांबायचा, सर्व्हर बॅटरीवर थोडा वेळ धापा टाकायचा आणि आमची वेबसाइट डोळे मिटायची. दुपारी कुणी विचारलं तर मी सांगायचे, झोपली आहे.

आणि अशात मस्कतहून मेल आला. विष्णू ओक नावाच्या गृहस्थांचा. त्यांचं लहानपण इंदुरात गेलेलं, झांक्या बघत. मस्कतच्या मराठी लोकांचा गणेशोत्सव मोठा करायचा होता आणि त्यांना भव्य, हलणारं काहीतरी हवं होतं. आमचं कार्ड त्यांना कुणा नातेवाइकाकडून मिळालं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'शुक्रवारी सकाळी आमची समिती बसेल, तिघाजणांच्या वेबसाइट मोठ्या पडद्यावर बघेल आणि तिथेच निर्णय घेईल. आमच्याकडचे अकरा, म्हणजे तुमच्याकडचे साडेबारा.'

साडेबारा! मी मेल बाबांना वाचून दाखवला. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग त्यांनाही कटौती आठवली.

"नीरजकडे नेऊ," मी म्हटलं. "अजून वेळ आहे."

"नाही."

"बाबा, हे काम गेलं तर पुणं आहे. फ्लॅट आहे. वहिनीचा पंखा आहे."

"मला माहीत आहे पुणं कुठे आहे." बाबा उठून खोलीत फेऱ्या मारू लागले. मग एकदम थांबले, आणि कितीतरी महिन्यांनी मला त्यांच्या डोळ्यांत ती झांकीच्या आदल्या दिवशीची चमक दिसली. "लाईट नाही, इतकंच ना? तर लाईट नेऊ आपण. एवढी वर्षं केलं काय मी? चालत्या ट्रॉलीवर स्वर्ग पेटवला, एक डबा नाही पेटणार?"

आता यावर काय बोलावं! माणसाच्या हातात हातोडी असली की त्याला सगळीकडे खिळे दिसतात, आणि आमच्या बाबांच्या हातात तर जनरेटर होता. म्हणजे नव्हता, तीच पंचाईत. लगीनसराई ऐन भरात होती. शहरातला प्रत्येक जनरेटर कुठल्या ना कुठल्या मांडवात गुंतलेला. बाबा सगळीकडे फिरून आले. एकच मोकळा होता, झांकीचा, आणि तो पुलापलीकडच्या मिलच्या कमिटीचा. त्यांची मिलही एव्हाना बंद पडली होती, पण जनरेटर एकाच्या ताब्यात होता. कुणाच्या, ते सांगायला नकोच.

बाबा जाणार नाहीत हे उघड होतं. मीच गेले. शरच्चंद्र मुळ्ये दारातच भेटले. बारीक अंगाचे, धुतलेला पायजमा, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. मी कोण, काय हवं, सगळं सांगितलं.

"म्हणजे दिनानाथ सुपेकरांची वेबसाइट माझ्या जनरेटरवर चालणार," ते मिशीतल्या मिशीत म्हणाले. "वा. देतो ना. पण एक शर्त. जनरेटरसोबत मी पण येईन. दुसऱ्याने हात लावलेला त्याला चालत नाही."

शुक्रवारी सकाळी हातगाडीवर जनरेटर चढवून आम्ही भंवरकुआंच्या गल्लीत शिरलो. पुढे बाबा, मागे मुळ्ये, मध्ये मी, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघण्याची कसरत चालवलेली. एकाला काही सांगायचं असलं तर तो मला सांगायचा. "तुझ्या वडिलांना सांग, वायर पातळ आहे." "त्यांना सांग, वायर ठीक आहे, नजर पातळ आहे." कोचिंगची पोरं वर्ग सोडून खाली आली. कुणीतरी ओरडलं, "अबे झांकी आ रही है!" आणि भर मे महिन्यात गल्लीत गर्दी जमली. समोरच्या चहावाल्याने तर मोरयाची आरोळीही ठोकली.

ठरल्या वेळी लाईट गेली. मुळ्यांनी हँडल मारलं. जनरेटर खोकला, धूर सोडला आणि धडधडत सुरू झाला. वर शामच्या खोलीत पंखा फिरला, डबा जागा झाला. शामने खिडकीतून अंगठा वर केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि हे सांगितलेलं दोघांनाही आवडणार नाही, पण बाबा आणि मुळ्ये त्या क्षणी एकमेकांकडे बघून हसले. लगेच दोघांनी तोंडं फिरवली.

तेवढ्यात शाम वरून धावत आला. त्याचं तोंड उतरलेलं. "काकाजी, सर्व्हर चालू आहे. पण बाहेर काही जाऊन नाही राहिलं."

झालं होतं असं. शामच्या खोलीतली तार समोरच्या इमारतीतल्या एका डब्यात जायची आणि तिथून पुढे जगाकडे. तो डबा समोरच्या इमारतीच्या लाईटवर. आजवर कटौतीत शामचा सर्व्हरही थोड्याच वेळात मरायचा, त्यामुळे समोरचा डबाही मरतो हे कुणाला कळलंच नव्हतं. बाबा वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून समोर धावले. समोरच्या इमारतीला कुलूप. मालक सहकुटुंब कुठल्याशा लग्नाला गेलेले.

बाबा त्या कुलपासमोर उभे राहिले. नुसते उभे राहिले, हातात वायर घेऊन. मी त्यांना मिल बंद झाली त्या सकाळी पाहिलं नव्हतं, मी कॉलेजात होते. आता पाहिलं. माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला आणि रडू कोसळायला आलं.

नीरज आमच्या बाजूला येऊन उभा होता. गल्लीच्या टोकाला त्याचं ऑफिस, आवाज ऐकून आलेला. तो हळूच म्हणाला, "यामिनी, तुमच्या साइटची एक कॉपी माझ्या सर्व्हरवर आहे. टेक्सासला. चालू आहे ती."

"तुझ्याकडे? कशी?"

नीरजने वडिलांकडे पाहिलं. मुळ्ये जनरेटरच्या झाकणाकडे बघू लागले. "पप्पांना रोज बघायची असते. शामची साइट दुपारी बंद, आणि पप्पांना टाइम दुपारीच असतो. म्हणून मी उतरवून ठेवली. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की..."

"वेळ कुठे आहे गोष्टी सांगायला?" मुळ्ये कडाडले. "पोरीला पत्ता दे!"

मी पत्ता हातावर लिहून घेतला आणि एसटीडी बूथकडे पळाले. मस्कतला ओकांना फोन लावून एकेक अक्षर सांगितलं. नीरज मुळ्येच्या साइटचं नाव, पुढे तिरपी रेघ, पुढे सुपेकर. परत येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते पायरीवर बसले होते.

"म्हणजे मुळ्यांच्या घरात सुपेकर किरायेदार," ते म्हणाले.

"हो बाबा. आणि घरमालकाकडे लाईट आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी नंदानगरच्या सायबर कॅफेत बाबांना शेजारी बसवून उघडलं. समितीला आमचं काम पसंत होतं. मी जोरात किंचाळले, शेजारचा मुलगा दचकला. मग पुढचं वाचलं. 'विशेषतः तिसऱ्या पानावरचा हत्ती. सोंड उचलून हार घालणारा. आम्हाला अगदी असाच हवा. तो बनवून द्याल तरच काम तुमचं.'

"हत्ती?" बाबा म्हणाले. "आपल्याकडे हत्ती कुठे आहे?"

नव्हताच. तिसऱ्या पानावर द्वारपाल होता, साडीवाली बाई होती, वीणा वाजवणारा नारद होता. मी नीरजवाली कॉपी उघडली. चित्र वरून खाली हळूहळू उमटत गेलं. द्वारपाल, बाई, नारद, आणि नारदाच्या शेजारी दिमाखात एक भलामोठा पांढरा हत्ती. बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"हा तर त्याचा ऐरावत आहे! त्या बक्षिसाच्या वर्षीचा! मुळ्येचा!"

मग ते तिथून जे निघाले ते थेट पुलापलीकडे. मी मागे पळत. मे महिन्याचं ऊन, बाबांच्या पायात घरातल्या स्लिपर, आणि तोंडाने अखंड चालू, "चोर आहे, चोर! आधी डिझेल, आता पान! घरात घेतलं तर पलंगावर बसला!" मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर हसू येत होतं. दुसऱ्याच्या वेबसाइटमध्ये हत्ती घुसवायचा म्हणजे छाती लागते.

मुळ्ये घरात एकटेच होते. बाबांनी दारातूनच सुरुवात केली. मुळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही, मिशीवर हात फिरवला नाही. बाबांचा श्वास संपला तेव्हा म्हणाले, "बसा सुपेकरजी."

"बसायला नाही आलो. कशाला टाकला तो हत्ती?"

"बघायला."

"काय बघायला?"

"कसा दिसतो ते. तुमच्या मूर्तींच्या बाजूला." मुळ्ये खाली बघून बोलत होते. "माझ्यासाठी टाकून घेतला होता पोराकडून. दुसरं कुणी बघणार नव्हतं. तुम्ही निदान काहीतरी बनवून राहिले. मिल बंद झाल्यापासून मी पाना हातात धरलेला नाही. मला कुणी बोलवतच नाही हो. दुपारी तुमची साइट उघडतो, द्वारपालाचा हात कुठे अडकत असेल याचा विचार करतो, टाइम जातो. काल नीरज सांगणार होता, मीच नाही सांगू दिलं. सांगितलं असतं तर तुम्ही पत्ता दिला नसता. आणि काम गेलं असतं."

बाबा उभेच होते. मला वाटलं, आता ते डिझेलबद्दल विचारतील. त्यांनी नाही विचारलं.

"कुठे आहे तो हत्ती?"

"मिलच्या शेडमध्ये. सील आहे. त्यात आता उंदीर राहतात."

"नकाशा?"

मुळ्यांनी बोटाने डोक्याकडे दाखवलं. मग घाईघाईने म्हणाले, "तुम्हीच बनवा ना. मी सगळं सांगतो. सोंडेत सहा जोड आहेत, आतून सायकलची चेन आहे. नाव तुमचंच राहू द्या, कारखाना तुमचा आहे. मला फक्त हात लावू द्या."

आमचे बाबा किती हट्टी आहेत ते मी सांगितलंच आहे. त्यांना फुकटात एक हत्ती मिळत होता, वैऱ्याने स्वतःच्या हाताने दिलेला, आणि पुणंही टळत होतं. ते मुळ्यांवर असे भडकले की शेजारचे लोक बाहेर आले.

"दुसऱ्याचं काम माझ्या नावावर? समजला काय तुम्ही मला? चला, उठा! नीरजचं ऑफिस खुलं आहे ना?"

आम्ही तिघे टेम्पोत बसून भंवरकुआंला गेलो. बाबांनी नीरजला हुकूम सोडला, "वेबसाइट आता तुझ्याकडेच राहू दे. पण तिची चाबी यामिनीकडे. तुझ्या बापाकडे बिलकुल नाही." नीरजने मला पासवर्ड दिला. मग बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"तिसरं पान उघड. हत्तीच्या खाली लिही. शरच्चंद्र मुळ्ये यांनी बनवलेला."

मी लिहिलं. पान पुन्हा उघडलं. हत्ती हळूहळू उमटला आणि त्याच्या पायाशी नाव आलं. मुळ्ये चष्मा वर करून, स्क्रीनला नाक लावून वाचत राहिले. इंदूरच्या रस्त्यांवरून इतकी वर्षं झांक्या गेल्या. त्यांच्यावर मिलचं नाव असायचं, मालकाचं असायचं. बनवणाऱ्याचं कधीच नसायचं. मुळ्यांचं नाही आणि आमच्या बाबांचंही नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि मी बाबांना न विचारता द्वारपाल, बाई आणि नारदाखाली दिनानाथ सुपेकर लिहून टाकलं.

मुळ्यांनी चष्मा काढून पुसला. परत घातला, परत काढला.

"रडून नका राहू," बाबा म्हणाले. "कीबोर्डात पाणी जाईल." आणि स्वतः खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

देवेंद्रला मीच फोन केला. म्हटलं, बाबांना पुण्याला यायला वेळ नाही. पुढच्या सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा दारात मुळ्ये हजर. धुतलेला पायजमा, हातात पिशवी, पिशवीत पाने-पकडी खणखणताहेत. आई आणखी एक कप आणायला उठली. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मुळ्यांकडे.

"भोंगा आठला व्हायचा मुळ्येजी," ते म्हणाले. "लेट झाले तुम्ही."